जुनें यंत्र, नवी सेवा : ॲलन ट्यूरिंग यांचें चरित्र

वस्तु जुनी झाली कीं ती टाकाऊ झाली, असें मानण्याकडे आजच्या काळाचा कल आहे. संगणकाच्या बाबतींत तर पांच वर्षांपूर्वींचें यंत्र म्हणजे निव्वळ अडगळ, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांतही रूढ झाली आहे. अशा वेळीं निरनिराळ्या देशांतील कांहीं हौशी लोक एक विलक्षण उद्योग करितात. १९८२ सालीं विक्रीस आलेला ‘कमोडोर ६४’ नांवाचा घरगुती संगणक ते माळ्यावरून खालीं काढतात, त्यावरील धूळ झटकतात, आणि त्याच्याकडून वेब सर्व्हरचें काम करून घेतात. म्हणजे दूरच्या कोणी एखादें वेबपृष्ठ मागितलें असतां तें त्यास पोंचतें करण्याची सेवा या वृद्ध यंत्राकडे सोंपवितात. या यंत्राची स्मृति अवघी ६४ किलोबाइट. चार गिगाबाइट स्मृतीचा साधा भ्रमणध्वनि घेतला तरी त्याची स्मृति हिच्या पासष्ट हजार पटींहून अधिक भरते. शिवाय नवल असें कीं हें यंत्र बाजारांत आलें तेव्हां वेबचा जन्मही झालेला नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंत वेबची कल्पना १९८९ सालीं मांडली आणि तिचा पहिला सर्व्हर १९९० सालीं सुरू केला.

जें काम निर्माणकर्त्यांच्या स्वप्नींही नव्हतें, तें काम या यंत्रास कसें साधतें? या प्रश्नाचें उत्तर यंत्राच्या पेटींत शोधून सांपडणार नाहीं. तें एका इंग्रज गणितज्ञानें १९३६ सालीं, म्हणजे आजच्या अर्थाचा एकही संगणक पृथ्वीवर नसतांना, लिहून ठेविलें आहे. त्या गणितज्ञाचें चरित्र आम्ही या वर्षीं आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. तें बोधप्रद आहे, आणि शेवटीं मन खिन्न करणारेंही आहे.

ॲलन मॅथिसन ट्यूरिंग याचा जन्म २३ जून १९१२ रोजीं लंडन शहरांत झाला. परंतु या कुटुंबाचा भारताशीं संबंध फार निकटचा होता. वडील ज्यूलियस ट्यूरिंग हे एका धर्मोपदेशकाचे पुत्र असून मद्रास इलाख्यांत इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्यें अधिकारी होते. आई एथेल सारा यांचा जन्म दक्षिणेंतील पोदनूर येथें झाला होता. त्यांचे वडील एडवर्ड वॉलर स्टोनी हे मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंते होते. ॲलनचा थोरला भाऊ जॉन हा कुन्नूर येथें जन्मला. मात्र मुलांनीं इंग्लंडांतच वाढावें, ही त्या काळच्या साहेब लोकांची रीत होती. त्यामुळें आईबाप भारतांत आणि दोघे मुलगे समुद्रापलीकडे सेंट लेनर्ड्स या गांवीं एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरीं, अशी या कुटुंबाची फाटाफूट झाली. आईबापांची भेट रजेच्या काळांतच व्हावयाची. आमच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांस या मुलाचें एकाकीपण समजण्यास वेळ लागणार नाहीं.

१९२६ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, त्यास शेरबोर्न येथील शाळेंत घालण्यांत आलें. शाळा उघडण्याच्या वेळींच इंग्लंडांत सार्वत्रिक संप होऊन आगगाड्या बंद पडल्या. ॲलन तेव्हां साउदॅम्प्टन बंदरीं उतरला होता. त्यानें सायकल काढली, वाटेंत एका खाणावळींत रात्र घालविली, आणि सुमारें साठ मैलांची मजल मारून तो शाळेच्या दारीं हजर झाला. इतक्या निश्चयी मुलाचें शाळेंत कौतुक झालें असेल, असें आपणांस वाटेल. पण तसें झालें नाहीं. त्याचें अक्षर वाईट, वहींत शाईचे डाग, लॅटिन व इंग्रजी या विषयांत तो वर्गाच्या तळाशीं. त्या शाळेंत प्राचीन भाषांच्या अभ्यासास मान होता, शास्त्रास नव्हता. निव्वळ शास्त्रांतच रमावयाचें असेल तर हा मुलगा या शाळेंत आपला वेळ व्यर्थ घालवीत आहे, असा अभिप्राय मुख्याध्यापकांनीं त्याच्या घरीं कळविला. तोच मुलगा सोळाव्या वर्षीं आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद वाचून त्याचें मर्म समजून घेत होता. आम्ही शिक्षक आहों. म्हणून हा प्रसंग लिहितांना आमचें मन थोडें चरकतें. प्रगतिपुस्तकावर मुलाचे डाग दिसतात. त्याचें तेज दिसतेंच असें नाहीं.

या शाळेंत ॲलनला ख्रिस्तोफर मॉरकॉम नांवाचा एक मित्र लाभला. तो एक वर्ष पुढें होता. बुद्धीनें तल्लख, वागण्यांत नीटनेटका. दोघे मिळून शास्त्राचे प्रयोग करीत, आकाशांतील तारे पाहत. दोघांनींही १९२९ च्या डिसेंबरांत केंब्रिजच्या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. ख्रिस्तोफरला ती मिळाली, ॲलनला मिळाली नाहीं. पण १३ फेब्रुवारी १९३० रोजीं ख्रिस्तोफर क्षयाच्या विकारानें वारला. लहानपणीं प्यालेल्या दूषित दुधांतून तो रोग त्याच्या शरीरांत शिरला होता. या आघातानें ॲलनचें चित्त कायमचें बदललें. तो मित्राच्या आईस पुढें कित्येक वर्षें पत्रें लिहीत असे. मनुष्याचें मन म्हणजे काय, तें देहाशीं कसें बांधलेलें आहे, देह गेल्यावर त्याचें काय होतें, हे प्रश्न त्यास सतावूं लागले. पुढें त्याची धर्मश्रद्धा टिकली नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु मन आणि यंत्र यांचा जो विचार त्यानें आयुष्यभर केला, त्याचें बीज या मृत्यूच्या दुःखांत रुजलें, असें आम्हांस वाटतें.

१९३१ सालीं ॲलन केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत गेला. १९३४ मध्यें तो पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला, आणि १९३५ सालीं अवघ्या बाविसाव्या वर्षीं त्या कॉलेजचा फेलो निवडला गेला. येथून पुढें आपण त्यांस ट्यूरिंग म्हणूं. त्याच वर्षीं मॅक्स न्यूमन या प्राध्यापकांच्या व्याख्यानांतून जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांचा एक प्रश्न त्यांच्या कानीं पडला. गणितांतील कोणतेंही विधान दिलें असतां तें सिद्ध करतां येईल कीं नाहीं, हें ठरविण्याची एखादी ठराविक, यांत्रिक रीत आहे काय, असा तो प्रश्न होता. ट्यूरिंग यांनीं त्याच्याही मागें जाऊन विचारलें कीं मुळांत यांत्रिक रीत म्हणजे काय?

याचें उत्तर त्यांनीं अगदीं साध्या दृश्यांतून काढलें. चौकटींच्या वहींत गुणाकार करणारा मुलगा डोळ्यांपुढें आणा. तो एका चौकटींतील आंकडा पाहतो, मनांत ‘हातचा’ धरतो, नियमाप्रमाणें दुसरा आंकडा लिहितो, आणि शेजारच्या चौकटीकडे वळतो. यापलीकडे तो कांहीं करीत नाहीं. ट्यूरिंग यांनीं मुलाच्या जागीं यंत्र कल्पिलें. त्याच्यापुढें चौकटी पाडलेली कागदाची लांबच लांब पट्टी. यंत्रानें एका वेळीं एक चौकट वाचावी, आपली तत्कालीन अवस्था पाहावी, नियमांच्या कोष्टकाप्रमाणें चिन्ह लिहावें वा पुसावें, आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकावें. जें काम नियमानें पार पाडतां येतें, तें सर्व असें यंत्र करूं शकतें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. याच विचारानें त्यांनीं सिद्ध केलें कीं हिल्बर्ट यांना हवी तशी सर्वसमावेशक रीत असणें शक्य नाहीं. अमेरिकेंतील ॲलन्झो चर्च हेही दुसऱ्या मार्गानें, थोडेसे आधीं, त्याच निष्कर्षास पोंचले होते. ट्यूरिंग यांचा निबंध १९३६ सालीं तयार झाला.

पण त्या निबंधांतील खरें रत्न आणखी पुढें आहे. प्रत्येक कामास वेगळें यंत्र लागेल, हें कोणासही पटेल. आपल्या छत्रपती संभाजीनगरांतील पाणचक्की कोणीं पाहिली नाहीं? डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून गांवांत आणावयाचें, उंचावरून पाडावयाचें, आणि त्या बळानें जातें फिरवावयाचें, ही तिची चतुर योजना. परंतु ती दळण्यावांचून दुसरें कांहीं करूं शकत नाहीं. तिच्याकडून सूत कातवून घ्यावयाचें ठरलें तर दांडा, चाक, जातें, सारेंच बदलावें लागेल. ट्यूरिंग यांनीं दाखविलें कीं हिशेबाच्या यंत्रांत असा एक प्रकार संभवतो, कीं ज्याचा सांगाडा कधींही बदलावा लागत नाहीं. इतर कोणत्याही यंत्राच्या नियमांचें कोष्टक त्याच्या पट्टीवर लिहून द्यावें. तें तो लेख वाचील आणि त्या यंत्राप्रमाणें वागूं लागेल. त्यास ‘सर्वकर्मी यंत्र’ म्हणतां येईल. यंत्र एक, कामें अगणित. बदलतो तो फक्त लेख. आज ज्यास आपण प्रोग्राम किंवा ॲप म्हणतों, तो हाच लेख होय.

या सिद्धान्तांतून दुसरें एक सत्य आपोआप निघतें. एक सर्वकर्मी यंत्र जें करूं शकतें, तें दुसरें सर्वकर्मी यंत्रही करूं शकतें; मात्र त्यास पुरेसा वेळ आणि लिहावयास पुरेशी जागा मिळाली पाहिजे. दोहोंत फरक वेगाचा व स्मृतीचा आहे, जातीचा नाहीं. माळ्यावरच्या त्या जुन्या संगणकाचें रहस्य तें हेंच.

१९३६ पासून दोन वर्षें ट्यूरिंग अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें होते व तेथें त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. मायदेशीं परतल्यावर सुमारें वर्षभरानें दुसरें महायुद्ध पेटलें. ४ सप्टेंबर १९३९ रोजीं, म्हणजे ब्रिटननें युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, ते ब्लेचली पार्क येथील गुप्तलेखन-भेदाच्या केंद्रांत दाखल झाले. जर्मन सैन्य ‘एनिग्मा’ नांवाच्या यंत्रानें आपले संदेश गूढ लिपींत पाठवीत असे. पोलंडांतील रेयेव्स्की, रुझित्स्की व झिगाल्स्की या तीन तरुण गणितज्ञांनीं युद्धापूर्वींच त्या कोड्यास हात घालून मोठा भाग उलगडला होता, आणि आपलें ज्ञान त्यांच्या देशानें मित्रराष्ट्रांस दिलें होतें. त्या पायावर ट्यूरिंग यांनीं ‘बाँब’ नांवाच्या नव्या शोधयंत्राची रचना केली. पहिलें यंत्र १९४० च्या मार्चांत चालूं लागलें. गॉर्डन वेल्चमन यांनीं त्यांत सुचविलेली सुधारणा फार मोलाची ठरली. युद्धाच्या अखेरीस अशीं दोनशेंहून अधिक यंत्रें रात्रंदिवस चालत होतीं.

ट्यूरिंग यांनीं स्वतः जर्मन आरमाराच्या एनिग्माचें काम पत्करलें. अटलांटिक महासागरांत पाणबुड्या अन्नधान्याचीं जहाजें बुडवीत होत्या. त्यांचे संदेश वाचतां आल्यामुळें जहाजांस सुरक्षित मार्गानें वळवितां येऊं लागलें आणि असंख्य खलाशांचे प्राण वांचले. माणसें व साधनें अपुरीं पडूं लागलीं तेव्हां १९४१ च्या ऑक्टोबरांत ट्यूरिंग व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनीं वरिष्ठांस डावलून थेट पंतप्रधान चर्चिल यांस पत्र लिहिलें, आणि चर्चिल यांनीं लागलीच सर्व पुरवठा करण्याचा हुकूम सोडला. ट्यूरिंग यांच्या लकबींच्या गोष्टी तेथें सांगितल्या जात. परागांमुळें शिंका येऊं नयेत म्हणून ते तोंडावर वायुरोधक मुखवटा चढवून सायकलीवरून कामास जात; आपला चहाचा पेला कोणी नेऊं नये म्हणून तो सांखळीनें बांधून ठेवीत. या कार्याबद्दल त्यांस ओ. बी. ई. ही पदवी मिळाली, पण कशाबद्दल मिळाली हें सांगण्याची बंदी होती. १९७० च्या दशकापर्यंत हें सारें गुप्तच राहिलें.

युद्ध संपल्यावर १९४५ सालीं ट्यूरिंग नॅशनल फिजिकल लॅबोरेटरींत गेले आणि कागदावरील सर्वकर्मी यंत्र प्रत्यक्षांत आणण्यासाठीं ‘एस’ नांवाच्या संगणकाचा तपशीलवार आराखडा त्यांनीं तयार केला. कारभाराच्या दिरंगाईस कंटाळून ते १९४८ सालीं मँचेस्टर विद्यापीठांत गेले. याच सुमारास धावण्यांतही त्यांनीं नांव मिळविलें. १९४७ सालीं मॅरेथॉनची शर्यत त्यांनीं २ तास ४६ मिनिटांत पुरी केली. मँचेस्टर येथें फ्रेडरिक विल्यम्स व टॉम किलबर्न यांनीं बांधलेल्या यंत्रानें २१ जून १९४८ रोजीं आपल्याच स्मृतींत सांठविलेला पहिला प्रोग्राम चालविला होता. त्याची स्मृति केवळ १२८ बाइट होती. ज्या कमोडोर ६४ ला आपण क्षुद्र म्हणतों, त्याची स्मृति याच्या ५१२ पट आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. याच मँचेस्टरच्या पुढील यंत्रासाठीं ट्यूरिंग यांनीं प्रोग्राम लिहिणारांस मार्गदर्शक असें एक पुस्तक तयार केलें. यंत्रें विचार करूं शकतील काय, या प्रश्नावरील त्यांचा प्रसिद्ध निबंध १९५० सालचा. आणि १९५१ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले.

या काळांतील एक गोष्ट आमच्या विषयास फार जवळची आहे. ट्यूरिंग यांनीं बुद्धिबळ खेळण्याचे नियम एका प्रोग्रामच्या रूपानें लिहिले; परंतु तो चालविण्याजोगें यंत्र उपलब्ध नव्हतें. तेव्हां १९५२ सालीं कागद-पेन्सिल घेऊन ते स्वतःच यंत्र झाले. एकेक चाल ठरविण्यास त्यांस सुमारें अर्धा तास लागे. समोर ॲलिक ग्लेनी नांवाचे सहकारी बसले होते. डाव कागदावरील यंत्र हरलें. पण नियम पाळले गेले आणि खेळ पुरा झाला. मंदगति हा असमर्थपणा नव्हे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आतां आपण पुन्हां त्या जुन्या संगणकाकडे वळूं. वेब सर्व्हरचें काम ऐकण्यास भारी वाटतें, पण त्याचा गाभा टपालखात्याइतकाच साधा आहे. दूरचा वाचक आपल्या ब्राउझरमधून कांहीं ओळींचें मागणीपत्र पाठवितो. सर्व्हरनें तें वाचावें, मागितलेलें पृष्ठ शोधावें, त्याचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता व क्रमांक घालावा, आणि एकेक तुकडा रवाना करावा. पोंच आली तर पुढचा तुकडा. न आल्यास तोच पुन्हां. यांत असें एकही पाऊल नाहीं कीं जें ट्यूरिंग यांच्या पट्टीवरील यंत्रास करतां येणार नाहीं. अडचण येते ती जागेची. मोठे संगणक धाडलेल्या प्रत्येक तुकड्याची नक्कल पोंच येईपर्यंत जपून ठेवितात. लहानग्या स्मृतींत तेवढी जागा कोठून आणावी? स्वीडनमधील ॲडम डंकेल्स या संशोधकानें इ. स. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत यावर सुंदर तोड काढली. त्यानें लिहिलेला ‘यूआयपी’ नांवाचा प्रोग्राम नक्कल ठेवीतच नाहीं. एका वेळीं एकच तुकडा हातीं धरतो, आणि तो वाटेंत हरवला तर मूळ मजकुरावरून पुन्हां तयार करतो. दुकानांत एकच टेबल असलेला कारकून जसा एक पत्र लिहून, तें रवाना करून, मगच दुसऱ्यास हात घालतो, तसें हें आहे. जाळ्याशीं जोडणारा एक भाग कमोडोर ६४ ला मागून बसविला, कीं हें यंत्र सर्व्हर म्हणून उभें राहतें.

त्यास मर्यादा आहेत. पुष्कळ पाहुणे एकदम आले तर तें गुदमरतें. आजकालचीं वेबपृष्ठें गुप्तलेखनानें झांकून पाठवितात. तेवढी आंकडेमोड त्याच्या आवांक्यापलीकडे जड होते. मराठी मजकुरास जागाही अधिक लागते. कारण आजच्या प्रचलित पद्धतींत रोमन लिपीच्या एका अक्षरास एक बाइट पुरतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात. कमोडोरची सारी स्मृति रिकामी केली तरी तींत देवनागरीचीं एकवीस हजारांच्या आंत-बाहेरच चिन्हें मावतील. या एका लेखानेंच तिचा मोठा भाग व्यापिला जाईल. पण लेख चकतीवर ठेवून तुकड्या-तुकड्यानें वाचला तर तोही या यंत्राकडून वाचकास पोंचूं शकेल. वेळ लागेल, इतकेंच.

आपल्या देशांतही अशीं यंत्रें पूर्वीं आलीं होतीं. १९८४ सालीं भारत सरकारनें ‘क्लास’ नांवाची योजना काढून निवडक शाळांना ‘बी. बी. सी. मायक्रो’ हे संगणक पुरविले. १९८१ सालचें हें यंत्र केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें बनविलें. म्हणजे ज्या गांवीं ट्यूरिंग यांनीं सर्वकर्मी यंत्र कल्पिलें, त्याच गांवचें हें अपत्य. एखाद्या शाळेच्या कपाटांत असें यंत्र आजही पडून असेल, तर भंगाराच्या दुकानीं धाडण्यापूर्वीं तेथील शिक्षकांनीं एकवार विचार करावा. संगणक म्हणजे काय हें शिकविण्यास त्याच्याइतका सोपा गुरु नव्या यंत्रांत सांपडणें कठीण. कारण नव्या यंत्राचें पोट इतकें भरलेलें असतें कीं आंत काय चाललें आहे तें विद्यार्थ्यास दिसतच नाहीं.

आतां चरित्राचा शेवटचा भाग सांगावयाचा आहे. १९५२ च्या जानेवारींत ट्यूरिंग यांच्या घरीं चोरी झाली आणि त्यांनीं स्वतःच पोलिसांस वर्दी दिली. चौकशींत एका पुरुषाशीं आपला संबंध असल्याचें त्यांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें. तसा संबंध त्या काळीं इंग्लंडांत कायद्यानें गुन्हा होता. ३१ मार्च १९५२ रोजीं न्यायालयानें त्यांस दोषी ठरविलें. तुरुंग, किंवा वर्षभर शरीरांत औषधी द्रव्यें टोंचून घेण्याचा उपचार, असे दोन पर्याय होते. त्यांनीं दुसरा पत्करला. त्या द्रव्यांनीं त्यांच्या शरीराची विटंबना झाली. ज्या सरकारचीं रहस्यें त्यांनीं युद्धभर सांभाळलीं, त्याच सरकारनें गुप्त कामाचें दार त्यांस बंद केलें. तरीही ते काम करीत राहिले. वनस्पतींच्या पानाफुलांच्या रचनेंत आणि प्राण्यांच्या अंगावरील ठिपक्या-पट्ट्यांत गणित कसें आहे, यावरील त्यांचा महत्त्वाचा निबंध याच वर्षींचा. ७ जून १९५४ रोजीं सायनाइडच्या विषानें त्यांचा अंत झाला. त्यांचें वय तेव्हां एकेचाळीस वर्षांचें होतें. चौकशीअंतीं ही आत्महत्या ठरली; त्यांची आई मात्र हा अपघात होता, असेंच अखेरपर्यंत मानीत होती.

उपरति उशिरां झाली. २००९ सालीं ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनीं सरकारच्या वतीनें जाहीर क्षमा मागितली. २०१३ च्या डिसेंबरांत राणी एलिझाबेथ यांनीं त्यांस मरणोत्तर क्षमा दिली. आणि २०१७ सालीं त्याच कायद्याखालीं शिक्षा झालेल्या इतर हजारों लोकांसही तसाच लाभ देणारा कायदा झाला. २३ जून २०२१ रोजीं, म्हणजे त्यांच्या जन्मदिनीं, त्यांच्या चित्राची पन्नास पौंडांची नोट चलनांत आली. आपल्या देशांतही इंग्रजांनीं १८६० च्या दंडसंहितेंत घातलेलें तशाच प्रकारचें कलम, प्रौढांच्या परस्पर संमतीच्या खाजगी संबंधांपुरतें, सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं रद्दबातल केलें.

या विषयावर आमच्या वाचकांत आणि आमच्या मंडळीच्या बांकांवर बसणाऱ्यांतही मतभेद असतील, हें आम्ही जाणतों. पण एका निरुपद्रवी मनुष्यास, ज्याच्या परिश्रमानें हजारों मातांचे पुत्र समुद्रावरून घरीं परतले, कायद्याच्या नांवें असें वागविलें गेलें, हें वाचून ज्याच्या मनास वेदना होत नाहीं, त्यानें शुभवर्तमान अद्यापि नीट वाचलें नाहीं, असें आम्हांस नम्रपणें म्हणावेंसें वाटतें. न्याय करण्याची घाई आणि दया करण्याची दिरंगाई, हे दोन दोष समाजांत एकत्रच नांदतात. पंचावन्न वर्षांनीं मागितलेली क्षमा मृतास ऐकूं जात नाहीं; ती जिवंतांच्या शिकवणीसाठीं असते.

प्रभूनें एका दृष्टान्तांत सांगितलें आहे कीं एका धन्यानें परदेशीं जातांना आपल्या चाकरांस द्रव्य सोंपविलें. एकास पांच वांटे, एकास दोन, एकास एक. धनी परतला तेव्हां पांचांचे दहा करणाऱ्याची त्यानें जी प्रशंसा केली, तीच, एकही शब्द कमी न करितां, दोहोंचे चार करणाऱ्याची केली. ज्यानें आपला वांटा पुरून ठेविला, तोच तेवढा रागास पात्र झाला. लहान स्मृतीचें जुनें यंत्र हा दोन वांट्यांचा चाकर आहे. त्याच्यापाशीं जें आहे तेवढ्यानिशीं तें मागणाऱ्याच्या हाकेस उत्तर देतें. आणि मागणारास जें पृष्ठ मिळतें, तें मोठ्या यंत्राकडून मिळणाऱ्या पृष्ठाहून एका अक्षरानेंही उणें नसतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गांतही कोणी मागें राहणारा असेल. ज्याच्या वहींत शाईचे डाग आहेत, जो उत्तर उशिरां देतो, ज्याची रीत तुमच्याहून निराळी आहे. त्यास हंसूं नका आणि एकटा पडूं देऊं नका. वेळ आणि जागा मिळाल्यास तो काय करूं शकेल, हें शेरबोर्नच्या शिक्षकांस कळलें नव्हतें; तुम्हांस व आम्हांस तें कळण्याची संधि अजून आहे. आणि घरांतील एखादें जुनें यंत्र टाकून देण्यापूर्वीं तें एकवार उघडून पाहा, त्यास नवा लेख वाचावयास द्या, आणि तें आपलें उत्तर पुरें करीपर्यंत थोडा धीर धरा.